एकूण वीस जागांची निवडणूक

मंदाला डाव्या कानानं ऐकू येत नाही. कुणी विचारलं की ती सांगते, एसीचं वारं लागलं, कान फुटला. कुवेतमध्ये एसीच्या नावावर काहीही खपतं. खरं कारण होतं नवऱ्याचा, बापूचा, उजवा हात. आमटीत मीठ जास्त पडलं होतं, एवढंच. तेव्हा स्पृहा तिच्या पोटात होती.

बापू मूळचा नाशिकचा, अहमदीत एका तेलाच्या ठेकेदाराकडे मेंटेनन्स इंजिनिअर. बाहेर माणूस मोठा लाघवी. कुणाला विमानतळावर सोडायचं असो, कुणाचं सामान गावी पोचवायचं असो, बापू एका पायावर तयार. घरी आला की मात्र राग नाकाच्या शेंड्यावर, आणि हात रागाच्याही पुढे. मारून झालं की दुसऱ्या दिवशी सोनं घेऊन यायचा. "ही भरपाई समज आणि तोंड पाडून बसू नकोस," म्हणायचा. सालमियातल्या बायका हळदीकुंकवाला मंदाच्या बांगड्या बघून म्हणायच्या, नवरा असावा तर असा. मंदा हसायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. डोळे असून बघायचं नाही असं ठरवलं की माणसांना सोनं तेवढं दिसतं.

हे लग्न जमवलं होतं मंदाच्या थोरल्या भावानं, दीनानाथनं. तो मिरकाबमध्ये एका ऑडिट फर्ममध्ये नोकरीला. लग्नाआधी तो आणि बापू एकाच खोलीत राहायचे, आणि खोलीतला बापू त्याला सज्जन वाटला होता. दीनानाथ स्वतः सरळ, जरा कंटाळवाणा, नियमावर बोट ठेवून चालणारा. म्हणूनच मराठी मंडळाच्या निवडणुकीत दरवेळी निवडणूक अधिकारी तोच. दोन्ही बाजूंना तो सारखाच नकोसा होता.

दोन बाजू म्हणजे दोन पॅनेलं. 'सह्याद्री' हे अहमदीकडच्या तेलवाल्यांचं. 'उमेद' हे सालमियातल्या बँक आणि आयटीवाल्यांचं. दहा विभाग, प्रत्येक विभागातून एक माणूस निवडायचा, अशी जुनी रीत होती. त्यात उमेदवाले दरवेळी मार खायचे. त्यांची मतं कमी नव्हती, पण ती सगळीकडे विखुरलेली होती, आणि विभागात एका मतानं जिंकलं तरी जागा अख्खी मिळते. मग उमेदच्या अनुपनं नवी पद्धत मांडली. कार्यकारिणीच्या जागा वीस. दहा विभागांतून, दहा पॅनेलच्या यादीतून. प्रत्येक सभासदाला दोन मतं, एक विभागातल्या माणसाला, दुसरं पॅनेलला. आणि शेवटचं वाक्य: एकूण जागांची वाटणी दुसऱ्या मताच्या प्रमाणात होईल.

ठराव आला कोजागिरीच्या कार्यक्रमात. समोर मसाला दूध निवत होतं, साय धरत होती. सूचक अनुप. अनुमोदक कोण, असं विचारलं की बापूचा हात वर गेलाच म्हणून समजा. अनुमोदन देणं हा त्याचा छंदच होता. वाचून अनुमोदन देणाऱ्यांतला तो नव्हता, आणि खरं सांगायचं तर आपल्या मंडळांत तसा कुणीच नसतो. "माझं अनुमोदन," बापू उभा राहून म्हणाला, टाळ्या झाल्या आणि पेले रिकामे झाले.

निकालाचा शुक्रवार उजाडला. शाळेचा हॉल भाड्यानं घेतला होता. सह्याद्रीच्या यादीत बापूचं नाव पाचवं होतं, आणि त्यानं नाशिकला फोन करून आपण कार्यकारिणीवर गेल्याचं आधीच सांगून टाकलं होतं. सकाळपासून तो खुशीत होता. मंदाही त्यामुळे जरा सैल झाली होती. तो निवडून यावा म्हणून तिनं देवापुढे साखर ठेवली होती. बापू हरून घरी येणं म्हणजे काय, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

दीनानाथनं फळ्यावर आकडे लिहिले. विभागांत सह्याद्री आठ, उमेद दोन. पॅनेलची मतं, सह्याद्री साठ टक्के, उमेद चाळीस. बापूनं तिथल्या तिथे हिशेब केला. दहाचे साठ टक्के सहा, आपण पाचवे. तो शेजाऱ्याला टाळी द्यायला वळला, आणि फळ्यावर पुढची ओळ आली: यादीतून सह्याद्री चार, उमेद सहा.

हॉलमध्ये कालवा झाला. बापू उठून पुढे गेला.

"दीनानाथ, साठ टक्के मतं आमची आणि दहातल्या चारच जागा आम्हाला? कुठल्या शाळेत शिकलास?"

"दहाचा हिशेब नाहीये बापू, वीसचा आहे," दीनानाथ शांतपणे म्हणाला. "वीसचे साठ टक्के बारा. विभागांतून तुम्हाला आठ मिळाल्या, म्हणून वर चार. त्यांना हव्यात आठ, मिळाल्या दोन, म्हणून वर सहा. पंगतीत दुसरा वाढपी ताटात आधी काय पडलंय ते बघतो, मग वाढतो. न्यूझीलंडच्या संसदेत असंच करतात."

"मग जपानमध्ये?" मागून कुणीतरी ओरडलं. "तिथे तर दोन्ही वेगवेगळं मोजतात."

"मोजतात. तिथला वाढपी ताट बघत नाही. तसं हवं असतं तर ठरावात तसं लिहायचं. आपल्या ठरावात 'एकूण' हा शब्द आहे."

"म्हणजे हरलेल्यांना भरपाई," बापू म्हणाला.

"हो. त्यांना भरपाईच्या जागाच म्हणतात."

"आणि हा ठराव पास कुणी केला?"

दीनानाथला खोटं बोलता येत नव्हतं, आणि कधी गप्प बसावं हेही त्याला कळत नव्हतं. "सगळ्यांनीच. अनुमोदक तू होतास."

हॉल हसला. त्यात सह्याद्रीवालेही हसले. एवढी माणसं आपल्याला हसताहेत, हे बापूनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं.

मंदा तिसऱ्या रांगेत होती, शेजारी स्पृहा. बापूचा उजवा खांदा मागे गेला. बाकीच्यांना तो घडीची लोखंडी खुर्ची उचलण्यासाठी वाकतोय असं वाटलं. मंदाला तो खांदा चांगला ओळखीचा होता. खुर्ची वर जायच्या आधीच तिनं दोन्ही हात तोंडावर घेतले, कोपरं पोटाशी आवळली आणि ती खुर्चीतल्या खुर्चीत मुडपून बसली. नवरा तिच्यापासून हॉलभर लांब होता, तरी तिचं अंग आपोआप ते करून गेलं. सगळ्या हॉलनं ते पाहिलं. सोनं पाहणाऱ्या बायकांनीही पाहिलं.

दीनानाथनंही पाहिलं. तो बापूकडे बघत असता तर वाकला असता, हुकवू शकला असता. पण तो बहिणीकडे बघत राहिला, आणि खुर्चीचा पाय त्याच्या डाव्या डोळ्यात घुसला.

तो पडला तरी बापू थांबला नाही. खुर्ची आणखी एकदा खाली आली आणि गालाचं हाड मोडल्याचा आवाज झाला. अनुप मध्ये पडला, तर त्याचं मनगट गेलं. फळ्याखाली रक्ताचं थारोळं साचलं, त्यातून पळताना माणसं घसरली, बायका पोरांना उचलून दाराकडे धावल्या. शेवटी चौघांनी बापूला दाबून धरलं, तेव्हा तो एकच गोष्ट म्हणत होता, "मला हसतात साले." शाळेच्या पहारेकऱ्यानं पोलिसांना बोलावलं. त्यांनी बापूच्या हातांत बेड्या घालून त्याला नेलं.

दीनानाथचा डोळा वाचला नाही.

मग मंडळाचे वडीलधारे कामाला लागले. काल हसणारेच आज समजुतीला आले होते. दवाखान्यात दीनानाथच्या खाटेभोवती उभे राहून ते सांगू लागले की इथे एक सोय असते, तनाझुल. मार खाल्लेल्यानं माघारपत्रावर सही केली की पोलीस बहुधा माणसाला सोडून देतात. नाही केली तर खटला, तुरुंग आणि मग कायमची हकालपट्टी. बापूचा इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, गेला की मंदाचा आणि स्पृहाचाही जाणार, कारण दोघी त्याच्याच व्हिसावर. मुलीचं बारावीचं वर्ष. आपलेच दात, आपलेच ओठ. बापू उपचाराचा सगळा खर्च द्यायला तयार आहे, कोठडीत रडतोय म्हणे.

अर्ध्या तोंडाला पट्टी बांधलेला दीनानाथ ऐकत होता. मंदा पायथ्याशी बसली होती, स्पृहा दाराला टेकून उभी. वडीलधाऱ्यांनी कागद पुढे केला. दीनानाथनं पेन घेतलं आणि बहिणीला म्हणाला, "तुझ्यासाठी करतो. माझं काय, एका डोळ्यानंही आकडे दिसतात."

"दादा, करू नकोस."

वडीलधारे एकदम बोलायला लागले. "अगं वेडी का काय? नवरा आहे तुझा. पोरीचं वाटोळं करशील."

"मामा, डोन्ट साइन," स्पृहा दारातून म्हणाली. तिचा आवाज फुटत होता. "आय हर्ड इट ऑल. ऑलवेज. वॉल्स आर थिन."

मंदानं मुलीकडे पाहिलं. इतकी वर्षं आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. तो बोळा काही कामाचा नव्हता, हे तिला आत्ता कळलं, आणि तिला ढसढसून रडू आलं. मग त्याच पदरानं तिनं तोंड पुसलं.

"तुला जावं लागेल, मंदा," दीनानाथ हळूच म्हणाला. "नाशिकला. हातात काही नसताना. नीट विचार केलास का?"

"केला." ती उठून भावाच्या खाटेजवळ आली, त्याचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून उजवा कान त्याच्याकडे करून. "सही केलीस ना दादा, तर तो आज संध्याकाळी घरी येईल."

दीनानाथनं पेनाला टोपण लावलं आणि कागद वडीलधाऱ्यांना परत दिला.