कांद्याच्या खळ्यातला बर्फ

आमच्या आबांनी खरा बर्फ पाहिला होता तो उसाच्या रसाच्या गाड्यावर, गोणपाटात गुंडाळलेला. तरीही सबंध नाशिक जिल्ह्यात आइस हॉकी शिकवणारे ते एकटेच होते. माझ्या मते सबंध महाराष्ट्रात, आणि ते स्वतः बोलायला लागले की सबंध आशियात. "पण आबा, बर्फ कुठाय?" असं कुणी विचारलं की ते त्याच्याकडे अशा दयेने बघायचे, की आपल्यातच काहीतरी कमी आहे असं वाटून तो बिचारा मुकाट घरी जायचा. मीही तशीच घरी गेले होते. फरक इतकाच की मी दुसऱ्या दिवशी परत आले, आणि पुढची काही वर्षं माझे गुडघे माझ्या मालकीचे राहिले नाहीत.

आबा मूळचे देवळ्याचे. त्यांचे थोरले भाऊ अण्णा कांद्याचे व्यापारी. आडगावच्या पुढे अण्णांचं खळं होतं. खळं म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड. तिथे कांदा उतरतो, निवडला जातो आणि गोण्यांत भरून परगावी निघतो. मुंबईतल्या कुठल्याशा मॉलमधला स्केटिंगचा खेळ बंद पडला, तेव्हा तिथला नकली बर्फ आबांनी उचलला आणि वाशीला कांदा टाकून रिकाम्या येणाऱ्या अण्णांच्या ट्रकमधून नाशकात आणला. नकली बर्फ म्हणजे जाड पांढऱ्या प्लास्टिकच्या फळ्या. एकीची खाच दुसरीत अडकवत गेलं की झालं मैदान. धाकट्याने कांद्याखाली अंथरायला बरी वस्तू आणली, असं अण्णांना वाटलं. त्यांचा हा समज शेवटपर्यंत पुरता गेला नाही.

खऱ्या बर्फावर माणूस आपोआप घसरतो म्हणे. ह्या प्लास्टिकवर घसरायला कष्ट पडायचे. एक पाऊल पुढे रेटायचं म्हणजे बंद पडलेला ट्रॅक्टर ढकलण्याइतका जोर. त्यावर घसरणीचं एक तेलकट औषध मारावं लागे, आणि ते मारायला आबांनी द्राक्षबागेतला पाठीवरचा पंप आणला होता. एकदा पंप धुवायचा राहिला. आत आदल्या फवारणीचं मोरचूद होतं. आमचा बर्फ निळा झाला, त्यावर पडून आम्ही निळ्या झालो, आणि त्या आठवड्यात मला बघायला आलेल्या स्थळाने माझे निळे हात पाहून चहा अर्धा टाकून पळ काढला. ह्यातलं अर्धं वजा करा हवं तर. उरलेल्या अर्ध्याला माझी आई साक्षीदार आहे. आबांनी मात्र त्या निळ्या फरशीकडे बघून एवढंच म्हटलं, "हाई काय शे!" चिडले की ते सरळ अहिराणीत जायचे, आणि दिवसातून चाळीस वेळा जायचे.

ह्या प्लास्टिकचा दुसरा छळ म्हणजे ते ब्लेड खायचं. बुटाखालचं साधं ब्लेड तासाभरात बोथट. म्हणून आबांनी खास कडक पोलादाची, प्लास्टिकवर चालणारी ब्लेडं मागवली. ती आली, आणि आबांनी ती धारेसाठी पिंपळगावला द्राक्षाच्या कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे नेऊन दिली. आता हॉकीचं ब्लेड म्हणजे सुरी नव्हे. त्याच्या तळाला पन्हळीसारखी नाळ असते आणि नाळेच्या दोन्ही अंगांना दोन कडा. त्या कडांवर सगळा खेळ. त्या कारागिराला ती नाळ म्हणजे कारखान्याची चूक वाटली. त्याने प्रेमाने ती घासून काढली आणि ब्लेडांची अशी धारदार सुरी करून दिली की मी पहिलं पाऊल टाकलं ते फळीत रुतलं, आणि बूट तिथेच ठेवून मी पुढे गेले. त्या दिवसापासून आबा धार स्वतः लावायला शिकले. बोटाएवढा दगड कायम खिशात. पकचा, म्हणजे हॉकीतल्या रबरी चकतीचा, पाठलाग करताना कड सुटली की ओरडायचे, "कड पकड, कड! बाकी जगात काय बी सुटू दे."

आबा कुणालाच नावाने हाक मारत नसत, गावाने मारत. मी मखमलाबाद. माझी जोडीदार वणी. "ए मखमलाबाद, कंबर खाली! वणी, स्टिक म्हणजे काय झाडू शे का?" पलीकडे कांदा निवडणाऱ्या बायका बसलेल्या असत, आणि त्या आमच्या पडण्याचा हिशेब आबांपेक्षा चोख ठेवत. "अगं बाई, मखमलाबाद सातव्यांदा पडली! अगं, घरी भाकऱ्या तरी येतात का हिला?" मी म्हणायची, "येतात मावशी, पण त्या गोल असतात, त्यांना ब्लेड नसतं." त्यावर मावशी म्हणायची, "मग भाकरीवरच उभी राहा, निदान पडणार तरी नाय." चैत्राच्या उन्हात पत्र्याखाली हेल्मेट घालून, कांद्याच्या वासात, ब्लेडखाली टरफलं चुरडत आम्ही बर्फावरचा खेळ शिकत होतो. डोळ्यांतून पाणी यायचं, ते कांद्यामुळे की आबांमुळे, हे सांगणं कठीण होतं.

पण खरी गोम वेगळीच होती. आमचं मैदान कांद्याच्या भावावर चालायचं. भाव चढला की अण्णा कांदा भराभर रवाना करत, खळं रिकामं होई आणि आम्हाला अख्खा बर्फ मिळे. भाव पडला की अण्णा माल धरून ठेवत. कांद्याचा ढीग पसरत पसरत बर्फावर येई, आणि फळ्या उचलून भिंतीला उभ्या कराव्या लागत. कॉलेजातल्या बाकीच्या पोरी मोबाइलवर काय काय बघायच्या. मी आणि वणी सकाळी उठून लिलावाचे भाव बघायचो.

अशात महाराष्ट्राच्या मुलींचा संघ निवडण्याची चाचणी जाहीर झाली. डेहराडूनला, खऱ्या बर्फावर. वणीचा पाय मुरगळलेला, म्हणजे नाशिकतर्फे मी एकटी. आबांनी त्या दिवशी खळ्यात सगळ्यांसमोर, निवडणाऱ्या बायकांसकट, जाहीर केलं, "माझी एक पोरगी महाराष्ट्राकडून खऱ्या बर्फावर खेळली, की मग मी खऱ्या बर्फावर पाय ठेवीन. त्याच्या आधी नाय." स्वतःसाठी त्यांनी नवे बूट घेऊन ठेवले होते, खऱ्या बर्फाची ब्लेडं लावलेले, खोक्यातून न काढलेले. मला म्हणाले, "मखमलाबाद, मी पन्नाशीला आलो. जरा घाई कर."

आणि चाचणीला दीड महिना असताना कांदा कोसळला.

तो कसा कोसळला हे मी सांगत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. चार दिवसांत खळं कांद्याने भरलं. आठवड्याने आमच्या बर्फाची एक गल्ली उरली. रुंदीला दोन फळ्या, लांबीला अख्खी शेड. दोन्ही बाजूंना छातीएवढा कांदा. आबा अण्णांकडे गेले. मी दाराशी उभी होते.

"अण्णा, दीड महिना दे मला. दीडच महिना. पोरीला वळायला जागा नाय."

"आणि कांदा कुठं ठेवू? तुझ्या डोक्यावर?"

"दुसऱ्याच्या खळ्यात ठेव ना!"

"सगळ्यांची खळी भरली. हे बघ, तुझा बर्फ वर्षभर पडला तरी वितळत नाय. माझा कांदा उघड्यावर पंधरा दिवसांत सडतो."

आबा बाहेर आले आणि मला म्हणाले, "चल, सरळ तर सरळ." दीड महिना मी त्या गल्लीत सरळ धावले. वळायला जायची तर कांद्यात घुसायची. पायावर पाय टाकून गोल घेण्याचा सराव आबांनी मला खळ्यापुढच्या अंगणातल्या मातीवर, बूट न घालता, स्वतःच्या भोवती फिरवून करून घेतला. मी चिडून म्हटलं, "आबा, मी काय घाण्याचा बैल आहे?" ते म्हणाले, "बैल वळतो तरी. तू वळ."

डेहराडूनला खऱ्या बर्फावर पहिलं पाऊल टाकलं आणि मी गुडघ्यावर. उठले, पडले. प्लास्टिकवर पकड यावी म्हणून आबांनी खोल नाळ आणि तिखट कडा ठेवल्या होत्या. इथे मऊ बर्फात त्या विळ्यासारख्या रुतत होत्या. आबांनी काचेमागून पाहिलं आणि हाताने खूण करून मला बोलावलं. बाकावर बसले, माझे बूट मांडीवर घेतले, खिशातला दगड काढला आणि कडा मारू लागले. वर्षानुवर्षं ज्या कडांसाठी त्यांनी जीव टाकला, त्या स्वतःच्या हाताने बोथट करत होते. ते पाहून मला पहिल्यांदा भीती वाटली.

चाचणी सुरू झाली. सरळ धावायची पाळी आली तेव्हा मी अशी सुटले की बाजूच्या पुण्याच्या पोरीला वाटलं कुणीतरी रिंकमध्ये मोटारसायकल आणली. कुणी जवळपासही नव्हतं. प्लास्टिक रेटून रेटून माझ्या मांड्यांत देवळ्याच्या बैलाचं बळ आलं होतं. शेवटी थांबायचं होतं; कशीबशी थांबले. मग वर्तुळ घ्यायचं. मी डावीकडे वळायला गेले आणि सरळ रिंकच्या कडेच्या फळकुटावर जाऊन आदळले. दुसऱ्यांदा आदळले. तिसऱ्यांदा निवडणाऱ्या मॅडमनी शिट्टी मारली आणि जवळ येऊन विचारलं, "अगं, एवढी वेगवान मुलगी तू. तुला वळता येत नाही?"

मी म्हटलं, "येतं मॅडम. पण कांद्याचा भाव पडल्यापासून नाही."

त्या हसल्या. यादीत माझं नाव आलं नाही.

संध्याकाळी रिंक सगळ्यांसाठी खुला झाला. तिकीट काढून पोरंटोरं बर्फावर बागडत होती; कुणाचे तरी आजोबाही कठड्याला धरून चालत होते. आबांचे नवे बूट पिशवीत होते. मी विनवलं, रागावले, तिकीट काढून त्यांच्या हातात कोंबलं. "आबा, एवढ्या लांब आलो. दहा पावलं टाका. कोण बघतंय?"

"नाय."

"अहो, नुसतं शपथेपायी?"

"सांगितलं ना, नाय. मनं डोकं खाऊ नको."

कठड्याबाहेरून हात लांब करून त्यांनी बोटांनी बर्फ तेवढा खरवडला, हातावर वितळू दिला आणि विजारीला पुसला. परतीच्या गाडीत मी त्यांच्याकडे पाठ करून बसले. हरल्याचा राग होताच; पण त्याहून जास्त राग त्या फुकट गेलेल्या तिकिटाचा होता.

दुसऱ्या वर्षी कांदा चढला, अख्खा बर्फ मिळाला, आणि चाचणीत मी एका जागेने हुकले. तिसऱ्या वर्षी निवडले गेले. पहिला सामना आम्ही नऊ-शून्यने हरलो, त्यात मी मोजून काही मिनिटं बर्फावर होते. पण मी महाराष्ट्राकडून खेळले, खऱ्या बर्फावर, आणि दोन्ही बाजूंना वळले. बूट काढायच्या आत देवळ्याला फोन लावला. आबा तोवर गावी परतले होते. अण्णांनी खळं विकलं होतं आणि आबांच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. मी ओरडून सांगितलं, "आबा, खेळले! आता या!" पलीकडून आबा म्हणाले, "डॉक्टरनी गुडघा वाकवायचा नाय सांगितलंय."

परत आल्यावर मी थेट देवळ्याला गेले. आबा ओट्यावर पाय लांब करून बसले होते. माझं तोंड सुटलं. म्हटलं, "आबा, तेव्हा तुमचे दोन्ही गुडघे धड होते. बूट पिशवीत होते. दहा पावलं टाकली असती तर काय आभाळ कोसळलं असतं? तुमच्या त्या शपथेने तुमचाच बर्फ गेला!"



"मखमलाबाद," ते म्हणाले, "त्या दिवशी मी उतरलो असतो, तर तू परत गेली असती का चाचणीला?"

मी गेले नसते. परतीच्या गाडीत मी मनातल्या मनात बूट विकूनही टाकले होते. पुढच्या आठवड्यात खळ्यात गेले ती केवळ ह्या हट्टी माणसाला बर्फावर उतरवायचंच म्हणून. हे त्यांना तेव्हाच कळलं होतं, आणि मला त्या ओट्यावर कळलं.

आतून आबांच्या वहिनी चहा घेऊन आल्या. आबांनी विचारलं, वळताना डावी कड सुटली का? मी म्हटलं, नाही सुटली. मग त्यांनी मला अंगणात उभं केलं आणि करून दाखवायला लावलं.