करग्यापायी खाल्लेला मार

सिहोऱ्याहून निघालो तेव्हा बाबांच्या डोक्यावर तांदळाचं पोतं होतं आणि माझ्या हातात कपड्यांची पेटी. तांदूळ पुण्याच्या प्राध्यापकांसाठी होता. बीएस्सीच्या पोरांनाही संशोधन करू देणारं कॉलेज मिळालं म्हणून मी तुमसर रोडच्या फलाटावर नाचत होतो, आणि आई डोळे पुसत "पोचला का फोन करजो" एवढंच म्हणत होती.

पुण्यात सरांच्या केबिनमध्ये बाबांनी पोतं उतरवलं आणि हात जोडले. "सर, पोरगं तुमच्या हवाली हाय. चुकलं त द्या दोन ठेवून. आमचं काही म्हणनं नाही."

आपल्याकडे गुरुजींना असं सांगतातच. गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखं निघून गेलेल्यांनो, तुमच्याही बापाने सांगितलं असेल. सर हसले. मीही हसलो.

बाबांचा स्वतःचा हात काही कमी जड नव्हता. करगा म्हणजे धानात उगवणारं जंगली धान. लोंबी येईपर्यंत ओळखू येत नाही, मग त्याची लांब तांबूस कुसळं दिसतात. लहानपणी एकदा बांदीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या वाफ्यात, मी करगा तसाच सोडून पुढे गेलो. बाबा मागून आले आणि कानाखाली अशी बसली की मी चिखलात तोंडावर पडलो. "दिसून नाही राहिला काय तुले? दिसला का उपटाचा!" का उपटायचा, हे विचारायची सोय नव्हती. तोंडात चिखल होता. त्यानंतर करगा दिसला की माझा हात आपोआप जायचा.

कॉलेजच्या मागे जाळीघरात सरांच्या धानाच्या कुंड्या होत्या. मला पाणी घालायचं काम मिळालं. कुंड्यांवर नुसते नंबर. प्रयोग कसला, असं विचारलं तर पीएचडी करणारे दादा म्हणाले, "तू पाणी घाल ना." सर तर माझ्याकडे बघतही नसत. दिवाळीच्या आधी लोंब्या आल्या आणि बघतो तर काय, अख्ख्या रांगेत करगा! एवढ्या मोठ्या माणसाच्या धानात एवढी भेसळ? मला सरांची कीव आली. सगळी रांग मुळासकट उपटली, माती झटकून जुड्या बांधल्या आणि शाबासकी घ्यायला दारात उभा राहिलो.

सरांचं सगळं संशोधन त्या करग्यावरच होतं.

त्यांनी कुंडी उचलून फेकली. ती माझ्या भुवईवर फुटली. मी खाली बसलो तर कॉलर धरून उभं केलं आणि रक्ताने भरलेल्या तोंडावर मारलं. मग लोखंडी ट्रे घेतला. पाठीवर, खांद्यावर, डोकं झाकलेल्या हातांवर. "तुझ्या बापानेच सांगितलंय मला!" असं ते ओरडत होते. दादा मान खाली घालून बाटल्या धूत राहिले.

शेजारच्या लॅबमधल्या मॅडम धावत आल्या आणि त्यांनी सरांना असं ढकललं की ते भिंतीवर आदळले. टाके पडल्यावर मी मॅडमना म्हणालो, मला घरी जायचंय, संशोधन नको. त्यांनी विचारलं, "रोपं का उपटलीस?"

मला आयुष्यात कुणी 'का' असं विचारलं नव्हतं. मी बांदी, कुसळं, चिखल, सगळं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी जाळीघरात नेऊन, उरलेली प्रत्येक कुंडी कशासाठी आहे ते त्यांनी समजावलं. करगा पाण्यावाचून कसा तग धरतो, हे सर शोधत होते. मला एवढं कुणी आधी सांगितलं असतं तर! मॅडमनी तक्रार केली, सरांचं काही वाकडं झालं नाही. मी मॅडमकडे काम करू लागलो.

दिवाळीत घरी गेलो. बाबांनी भुवईकडे पाहिलं. "सरनं मारलं काय?" मी भात कालवत राहिलो. "मीच त सांगतलो होतो त्यायले," ते म्हणाले आणि ताटावरून उठले. मला त्यांची दया आली नाही. राग आला, आणि तो बरीच वर्षं टिकला.

आता हैदराबादला माझी स्वतःची लॅब आहे. बीएस्सीची पोरं येतात. पहिल्या आठवड्यात कुणी कशाला हात लावायचा नाही. कुठली कुंडी कशासाठी, ते मी सांगतो आणि मग त्यांनी मला सांगायचं. कंटाळतात. कंटाळू देत.

परवा नांदेडकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. हात जोडून म्हणाले, "चुकली तर खुशाल मारा, सर." माझ्या डोक्यात रक्त चढलं. टेबलावर मूठ अशी आपटली की चहाचा कप खाली पडून फुटला. "इथं कुणी कुणाला मारत नाही!" मी ओरडलो. मुलीने दोन्ही हातांनी डोकं झाकलं होतं. मी काचा गोळा करायला खाली बसलो, बराच वेळ उठलो नाही.

संध्याकाळी बाबांना फोन करून हे सांगितलं.

"करगा काहून उपटाचा, हे मी तुले कधी सांगतलोच नाही ना रे?"

"नाही, बाबा."

"त आता आयक. धान कापाच्या आधीच त्याचा दाना झडून जाते. बांदीत पडून राहते, अन् पुढच्या साली..."

मी करग्यावर पीएचडी केली आहे. पण मध्ये एकदाही बोललो नाही. गाव सोडून इतकी वर्षं झाली, घरी पोहोचलो तो त्या संध्याकाळी.