आउअरहान नावाचा तिसरा ठिपका

ब्रिटनमधली आडनावं नकाशावर दाखवणारी एक वेबसाइट आहे. स्मिथ टाकलं की अख्ख्या देशाला गोवर उठतो. माझी पंधरा वर्षांची लेक ईरा हिने मार्चमधल्या एका रविवारी तिथे तिच्या बाबाचं आडनाव टाकलं. आउअरहान. नकाशा जवळजवळ कोराच राहिला. तीनच ठिपके. लीड्सचा आमचा, मँचेस्टरचा माझ्या सासऱ्यांचा, आणि तिसरा पार वर, स्कॉटलंडच्या डोंगरांत, जिथे आमच्यापैकी कुणीच कधी गेलेलं नव्हतं.

सासरे, वॉल्टर, त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला होते. ऐंशी ओलांडलेले, रेनकोटच्या कारखान्यात कापड कापण्यात आयुष्य गेलेलं. त्यांनी वाकून स्क्रीन पाहिला आणि हळूच म्हणाले, "एमिल."

एमिल म्हणजे त्यांच्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडील जर्मनीतून वेळेवर निसटले आणि मँचेस्टरला आले. एमिल मागे राहिला. त्याचं पुढे काय झालं ते कधी कळलं नाही. थडगं नाही, बातमी नाही. त्या ज्यू घरातल्या, मागे राहिलेल्या कुणाचंच थडगं कुठे नाही.

आता इथे माझा कोकणी स्वभाव आड आला. मी माहेरची आजगावकर. डोंबिवलीत कुणी आजगावकर भेटला की माझे बाबा चहा निवायच्या आत त्याचं मूळ घर, कुलदैवत आणि आमच्याशी नातं काढून मोकळे व्हायचे. आडनाव एक म्हणजे भाऊबंद, यात शंका घ्यायची पद्धतच नाही. मी बेधडक म्हणून गेले, "इतकं दुर्मिळ नाव आहे वॉल्टर, म्हणजे आपलेच असणार. एमिलची मुलं, नातवंडं."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, त्यानंतर मला शब्द मागे घेता आले नाहीत.

ईराने आणखी शोधलं. तिसऱ्या ठिपक्याच्या गावात मोराग आउअरहान नावाच्या बाई घरगुती बेड-अँड-ब्रेकफस्ट चालवत होत्या. "आधी फोन करू," मी म्हणाले. वॉल्टर नको म्हणाले. "फोनवर माणूस नाही म्हणतो आणि ठेवून देतो. दारात उभं राहिलं तर निदान चहा देतो." शेवटी माझ्या माहेरच्या नावावर दोन खोल्या घेतल्या. नवऱ्याला हॉस्पिटलमधून सुट्टी मिळेना, म्हणून मेच्या सुट्टीत, वॉल्टरना मँचेस्टरहून घेऊन, आम्ही तिघंच निघालो.

जायचा विचार असेल तर दोन गोष्टी सांगते. मेअखेरच्या सुट्टीसाठी खोली हिवाळ्यातच धरा, उशीर केलात तर महाग आणि लांबची मिळते. आणि वयस्कर माणूस बरोबर असेल तर मँचेस्टरहून एका दमात जाऊ नका, वाटेत मुक्काम करा. आम्ही स्टर्लिंगला केला. डब्यात मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या आणि वॉल्टरनी धुरावलेला सामन मासा भरलेले बेगल, ज्यूंचे गोल पाव. एम सिक्स महामार्गावर लेक डिस्ट्रिक्टचे डोंगर लागल्यावर दोन्ही डबे उघडले. पुरीवर मासा ठेवून वॉल्टर म्हणाले, "हे आपण आधी का केलं नाही?"

पावसाची भुरभुर होती. मागच्या सीटवरून त्यांचा आवाज झोपेतून आल्यासारखा येत होता. ते नावाबद्दल बोलत होते. आउअरहान म्हणजे जंगलातला एक मोठा काळा रानकोंबडा. इंग्रजीत त्याला कॅपरकेली म्हणतात. जर्मनीत हे नाव ख्रिश्चनांतही आहे आणि ज्यूंतही, आणि दोन्हीकडे फार थोडं. ख्रिश्चनांत ते शिकाऱ्याला मिळालं असेल, किंवा कोंबड्यासारखा छाती काढून चालणाऱ्या कुणाला. ज्यूंना तर कितीतरी पिढ्या आडनावच नव्हतं, आपलं नाव आणि बापाचं नाव, संपलं.

"आमच्यासारखंच," मी म्हणाले.

"मग दोनशे वर्षांपूर्वी राजेलोकांनी हुकूम काढले, आडनाव घ्या. काहींनी गावाचं घेतलं, काहींनी धंद्याचं. काहींच्या घरावर पाटी असायची, आकडे नव्हते तेव्हा. लाल ढाल, हिरवं झाड, अस्वल. त्यांनी पाटीवरचं चित्र घेतलं. वडील म्हणायचे, आपलं नाव पाटीवरून आलंय. कुठल्या पाटीवरून, ते मी विचारलं नाही."

ईराने इयरफोन काढला. "आई, म्हणजे आम्ही बर्ड आहोत?"

"तू अर्धी बर्ड, अर्धी आजगाव."

दुसऱ्या दिवशी ए नाइन. हा रस्ता कधी दुपदरी होतो, कधी एकपदरी, आणि सरासरी वेग मोजणारे कॅमेरे शेवटपर्यंत सोबत करतात. घाई करून उपयोग नाही. पिटलॉक्री मागे पडलं तशी झाडं विरळ झाली, डोंगर मोठे आणि बोडके होत गेले, त्यांच्या अंगावरून ढगांच्या सावल्या सावकाश चालत होत्या. वॉल्टर खिडकीला डोकं टेकून बघत होते. मला वाटलं, ते एमिलला या रस्त्याने चालवून बघताहेत. इथे थांबला असेल, इथे त्याला कुणी पाव दिला असेल. मी गाडी चालवत होते आणि मनातल्या मनात कुठल्यातरी देवाला सांगत होते, असू दे रे.

खिंड ओलांडून खाली उतरलो तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी काटेरी झुडपं फुललेली. गॉर्स. काच खाली केली आणि गाडीत खोबऱ्याचा वास शिरला. खरंच, ओल्या खोबऱ्याचा! स्कॉटलंडच्या डोंगरात. पुढचा थोडा वेळ मी कुठे होते ते मला सांगता येणार नाही.

मोराग दारातच उभ्या होत्या. साठीच्या, उंच, पांढऱ्या वेणीच्या. "आत या, एक वी कप चहा घ्या." स्कॉटलंडमध्ये चहा, पाऊस, चढ, सगळं 'वी', म्हणजे इवलंसं असतं. त्यांनी किटली उचलली तेव्हा वॉल्टर उभे राहिले आणि म्हणाले, "माझं नाव वॉल्टर आउअरहान."

किटली हवेतच राहिली.

"जर्मनीहून आलात?" मोरागनी विचारलं. "बाबांना शोधत? उशीर झाला. ते केव्हाच गेले."

"त्यांचं नाव?"

"कार्ल."

वॉल्टर खाली बसले. मला वाटतं, हा एमिल नव्हे हे त्यांना तेव्हाच कळलं. तरी त्यांनी विचारलं, "इथे कसे आले ते?"

"सगळे जर्मन आले तसेच. युद्धकैदी. इथल्या जंगलात लाकूड तोडायला ठेवलं होतं. सोडल्यावर परत गेले नाहीत. तोवर माझी आई भेटली होती ना!" त्या हसल्या. मग आमचे चेहरे पाहून थांबल्या. "तुम्ही त्यांच्या घरचे नाही?"

"माझे वडीलही जर्मनीहूनच आले," वॉल्टर म्हणाले. "आधी. पळून. आम्ही ज्यू आहोत."

बाहेर मेंढ्या ओरडत होत्या. मोरागनी किटली इतक्या जपून ठेवली की आवाजच झाला नाही. वॉल्टरनी समोरचा रिकामा कप तसाच ठेवला आणि बागेत निघून गेले.

"आई, ग्रँडपा रडतोय?" ईरा कुजबुजली.

"रडतायत का, म्हण."

"रडतायत का?"

"माहीत नाही गं."

माझ्या बाबांचा नियम मी इथवर घेऊन आले होते. आडनाव एक म्हणजे भाऊबंद. ज्यांच्यापासून वॉल्टरचे वडील पळाले, त्यांच्यातल्याच एकाच्या घरी मी या म्हाताऱ्या माणसाला नातं काढायला आणून बसवलं होतं. मी मोरागना म्हणाले, आम्ही दुसरीकडे खोली बघतो. त्या म्हणाल्या, "बघा. मला राग येणार नाही." पण तेवढ्यात वॉल्टरच आत आले. "शेगडीवरचं ते सूप कसलं आहे?"

"धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटे आणि दूध."

"मग ते वाया घालवण्यात अर्थ नाही."

उत्तरेकडचं मेमधलं आभाळ संध्याकाळ संपूच देत नाही. जेवणानंतर आम्ही चौघं त्या राखाडी उजेडात बसलो. वॉल्टरनी सरळ विचारलं, "तुमचे वडील युद्धात कुठे होते?"

"वाळवंटात, असं सांगायचे. तिथेच पकडले गेले." मोराग हाताकडे बघत होत्या. "मी तुम्हाला शपथेवर सांगू शकत नाही. ते तेवढंच सांगायचे आणि मी तेवढंच ऐकायचे. शाळेत पोरं मला नाझी म्हणायची. घरी येऊन विचारलं, खरं का? तर ते सरपण फोडायला बाहेर गेले. मग पुन्हा विचारलंच नाही. लग्न केल्यावर वाटलं, सुटले या नावातून. लग्न मोडलं आणि बघा, नाव परत घेतलं. का, ते मला अजून कळलेलं नाही."

"माझे वडील शिवण उसवत बसायचे," वॉल्टर म्हणाले. "एमिलबद्दल विचारलं की."

माझ्याने राहवेना. "तुमचं मूळ गाव कुठलं, मोराग?"

ईराने डोळे फिरवले. "मम, स्टॉप इट!"

पण मोरागनी सांगितलं. ऱ्होन डोंगरातलं एक खेडं. वॉल्टरच्या वडिलांचं गावही त्याच डोंगरांत, दोन दऱ्या पलीकडे. मोरागच्या वडिलांच्या आठवणीत तिथे एक जुनी खाणावळ होती, दारावर काळा पक्षी रंगवलेला. त्यांचं घराणं पूर्वी ती चालवायचं म्हणे. मी मनातल्या मनात जुळवायला लागले. खाणावळ एका घराची असेल आणि मागच्या खोलीत गुरांचा ज्यू व्यापारी भाड्याने राहत असेल. हुकूम आला तेव्हा त्याने मान वर करून पाटी पाहिली असेल. असेल, नसेलही. आमच्याकडे याला पुरावा काही नाही. पण त्या उजेडात ती पाटी मला दिसत होती, वाऱ्यावर हलताना, तिच्याखालून दोन दारांनी माणसं ये-जा करताना.

सकाळी न्याहारीला टेबलावर बेकन, म्हणजे डुकराचं मांस, नव्हतं. ओटकेक, अंडी, आणि किपर म्हणजे धुरावलेला हेरिंग मासा.  मग मोरागच्या गाडीने आम्ही पाइनच्या जंगलात गेलो. कॅपरकेली पाहायच्या आशेने जाऊ नका, हे मुद्दाम लिहिते. वसंतात त्यांचा विणीचा काळ असतो, शोधत फिरणं गुन्हा आहे, पायवाट सोडू नये, कुत्रा दोरीनेच न्यावा. हा पक्षी स्कॉटलंडमधून एकदा पूर्ण नाहीसा झाला होता. मग स्वीडनहून आणून पुन्हा सोडला. आता पुन्हा मोजकेच उरलेत. आम्हाला दिसला नाही. शेवाळ, ब्लूबेरीची झुडपं आणि पायांखाली गादीसारखी जमीन. वॉल्टर मध्येच थांबून ऐकत. "तो आपल्याला बघत असेल," ते म्हणाले, आणि तेवढ्यावर समाधानी दिसले.

परतताना मोरागनी विचारलं, "बाबांच्या थडग्याचा दगड चर्चच्या अंगणात आहे. तुम्हाला नको असेल तर मी गाडी थांबवणार नाही."

"थांबवा," वॉल्टर म्हणाले.

साधा करडा ग्रॅनाइट होता. वर 'कार्ल', खाली मोठ्या अक्षरांत 'आउअरहान'. वॉल्टर त्याच्यासमोर उभे राहिले. त्यांच्या वडिलांना मँचेस्टरच्या दफनभूमीत पुरलंय, पण दगडावर त्यांनी इंग्रजांना जड जाऊ नये म्हणून घेतलेलं छोटं नाव आहे. पूर्ण नाव वॉल्टरनी मोठेपणी कागदोपत्री परत घेतलं. आउअरहान हे पूर्ण नाव दगडात कोरलेलं वॉल्टर आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

त्यांनी डोक्यावरची कॅप काढली. ज्यू प्रार्थनेला घालतात ती छोटी कापडी टोपी खिशातून काढून डोक्यावर ठेवली. आणि मग ती कॅप दगडाच्या वरच्या कडेला अशी अडकवली, की 'कार्ल' झाकलं गेलं. आता नुसतं आडनाव उरलं.

मी मोरागकडे पाहिलं. त्यांचा हात तोंडावर होता. त्या पुढे झाल्या नाहीत.

वॉल्टर हिब्रूत काहीतरी पुटपुटले. मला फक्त एमिल कळलं, आणि त्यामागे आणखी नावं, मी कधी न ऐकलेली. वाकून त्यांनी वाटेवरचा एक खडा उचलला, दगडावर ठेवला. ज्यू लोक फुलं वाहत नाहीत, खडा ठेवतात. मग मोरागकडे वळून म्हणाले, "हा तुमच्या वडिलांसाठी नाही. माफ करा."

"ठाऊक आहे," मोराग म्हणाल्या. "राहू दे तो. मी कुणाला काढू देणार नाही."

कॅप परत घ्यायचं वॉल्टर विसरले. मोरागनीच ती काढून, झटकून त्यांना दिली. फाटकाशी नळ होता. वॉल्टरनी हात धुतले, मीही धुतले. थडग्यापासून परतताना ज्यू हात धुतात, आमच्याकडेही स्मशानातून आलं की तसंच. मोरागनी आम्हा दोघांना बघितलं आणि त्याही नळाखाली हात धरून उभ्या राहिल्या.

परतीचा प्रवास आठवत नाही फारसा. बहुतेक वेळ वॉल्टर झोपले होते. मला भीती होती, घरी गेल्यावर ते एमिलसाठी नव्याने झुरतील आणि ते माझ्यामुळे असेल. थोडे झुरलेच. एक महिना त्यांनी एमिलचं नाव काढलं नाही. मग दर रविवारी त्यांचे आणि मोरागचे फोन सुरू झाले. दोघं लापशीत मीठ की साखर यावर भांडतात. युद्धाबद्दल बोलतात की नाही, मी विचारलेलं नाही. माझे बाबा असते तर त्यांनी विचारलं असतं, हे नातं कुठल्या घरचं. मला सांगता आलं नसतं.

गेल्या शनिवारी वॉल्टरना सिनेगॉगहून आणायला गेले, तर पायरीवर त्यांचे एक जुने मित्र चौकशी करत होते, ती स्कॉटलंडची बाई कोण, नातेवाईक का? वॉल्टरनी कोटाचं वरचं बटण लावलं, जरा विचार केला.

"आमच्यातली नाही," ते म्हणाले. "पण आमच्या माणसांच्या खड्यावर लक्ष ठेवून असते."