मानाचा पेटा

खायेसीबाई काकामेगा शहराजवळच्या आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बायकांची पुढारी. आम्ही पाळकांबरोबर एका विधवेकडे सांत्वनाला गेलो, तेव्हा त्या घरातली एकुलती कोंबडी तिनंच रांधली. विधवेच्या नवऱ्याचं प्रेत अजून आतच होतं.

कोंबडीचा पेटा, म्हणजे तिची मांसल पोटपिशवी, आमच्यात सगळ्यांत मोठ्या मानकऱ्याला देतात. पाळकांनी हात पुढे केला, तसे मंडळीचे ज्येष्ठ कारभारी शितांडा गुरकावले, "ओ, चर्च मी उभं केलंय!"

"मग प्रार्थनाही तूच कर!" पाळक ओरडले.

"शी! गिधाडं बरी तुमच्यापेक्षा," म्हणत खायेसीबाईनं पेटा कुत्र्यापुढे टाकला.

रविवारी तिचं पद काढून घेतलं. ते जाहीर करताना पाळक आणि शितांडा हातात हात घालून उभे होते. खायेसीबाई बाहेर येऊन पचकन थुंकली आणि थेट त्या विधवेकडे गेली.