सौम्य बाईचा तिसरा कागद

वय: त्रेचाळीस. आगमनाचे कारण: पतीची नोकरी. व्यवसाय: शिवणकाम, कपडे-दुरुस्ती. स्वभाव: सौम्य, मितभाषी, सहकार्यशील. नव्या समाजात रुळण्याची प्रगती: उत्तम.

परदेशातून आलेल्यांची विचारपूस करणाऱ्या कचेरीने दोन वर्षांनी हे प्रमाणपत्र दिलं, आणि बाईने ते फोनवरून माहेरी वाचून दाखवलं. पलीकडे भाऊ-भावजय दोघंही कान लावून होती.

"सौम्य?" भावजय म्हणाली. "वन्सं, नाव नीट बघा. दुसऱ्या कुणाचा कागद आला असेल."

"ताई," भाऊ म्हणाला, "तब्येत बरी आहे ना तुझी?"

त्याची काळजी अस्थानी नव्हती. या ताईने एकदा बिघडलेलं शिवणयंत्र हातगाडीवर घालून दुकानदाराच्या दारात नेलं होतं, आणि तो बदलून देईपर्यंत त्याच्याच पायरीवर बसून त्याची गिऱ्हाइकं परत पाठवली होती.

इथे तिच्याजवळ इथल्या भाषेतली चाळीसेक वाक्यं होती, सगळी शहाण्या मुलीची. माफ करा. आभारी आहे. काही हरकत नाही. भाषेच्या वर्गात भांडणाचा धडाच नव्हता. सुरुवातीला राग यायचा, पण शब्द जुळेपर्यंत समोरचा माणूस घरी जाऊन जेवलेला असायचा. पुढे रागाने येणंच सोडलं. परवा स्वयंपाकघरात खुर्चीला धक्का लागला तर ती खुर्चीला 'माफ करा' म्हणाली. नवरा हसला. ती मात्र त्याच खुर्चीवर अर्धा तास बसून राहिली, आपण नक्की कोणाच्या घरात आहोत याचा अंदाज घेत. कचेरी याला रुळणं म्हणते.

कामाची जागा एका मोठ्या कपड्यांच्या दुकानाच्या तळघरात होती: सहा मशिनं, एक इस्त्रीचं टेबल, आणि मुकादम. वर काउंटरवर माप घेतलं जायचं आणि चिठ्ठी टाचलेला कपडा खाली यायचा. चूक कुणाचीही असो, मुकादम आधी हिच्याकडे यायचा, कारण ही आधी माफी मागायची. आपल्याकडे माफी मागून विषय संपवतात; इथे तिथूनच फाइल सुरू होते. चूक कबूल केल्याचे असे दोन कागद तिच्या सहीने फाइलला लागले होते. तिसऱ्यावर सही झाली की मशीन सोडून खोकी बांधायला जायचं.

"मग बांध की खोकी," नवरा म्हणाला होता. "पगार तोच आहे."

"उद्या तुमच्या हातातलं स्टेअरिंग काढून घेतलं आणि बसच्या काचा पुसायला उभं केलं तर? पगार तोच."

नवऱ्याने भाजी वाढून घेतली.

मंगळवारी दुपारी मुकादम एक काळी पॅन्ट घेऊन आला. तीन इंच आखूड. संध्याकाळच्या समारंभाला निघालेलं उंच गिऱ्हाईक वर पाय आपटत होतं. काउंटरवालीने चिठ्ठीवर आधीच्याच गिऱ्हाइकाचं माप उतरवलं होतं, सदतीस. हा माणूस चाळीसचा. मुकादमाने कागद पुढे केला, वर पेन ठेवलं.

'माफ' एवढं तिच्या तोंडून निघालंसुद्धा. मग तिने कागदाकडे पाहिलं, मशिनकडे पाहिलं, आणि पेन उचलून मुकादमाच्या खिशात परत खोचलं.

"मेल्या," ती म्हणाली, चक्क मराठीत, "सदतीस कुणी लिहिलं? मी? डोळे आहेत की बटणं? वर तिने चुकायचं आणि खाली मी सह्या करत बसायचं? दोन केल्या, पुष्कळ झाल्या!"

बाकीची पाचही मशिनं थांबली. बोलता बोलता तिने पॅन्टचा तळ उसवायला घेतला. जास्तीचं कापड कापून टाका, असा दुकानाचा नियम. तो तिने दोन वर्षांत एकदाही पाळला नव्हता. शिंप्याच्या मुलीला ते जमणारच नव्हतं. पुढेमागे कपडा वाढवता यावा म्हणून आत जे कापड राखतात त्याला माया म्हणतात, आणि ती सगळी माया घडी घालून आत होती. टीप निघाली तशी पॅन्ट तीन इंच खाली आली.

"पण नियमाप्रमाणे हे..." मुकादम म्हणाला.

"चुलीत घाल तुझा नियम!"

मुकादम दोन पावलं मागे सरला. "काय म्हणतेय ही?" त्याने इस्त्रीवाल्याला विचारलं. इस्त्रीवाला तिसऱ्याच देशाचा, मराठीचा त्याला गंधही नव्हता.

"म्हणतेय, चिठ्ठी बघा," तो म्हणाला.

मुकादमाने चिठ्ठी बघितली. मग काउंटरवालीला शोधत तो जिना चढला. बाईने तळाला नवी टीप घातली. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिला कडकडून भूक लागली होती.

फाइलमधला तिसरा कागद असा: कर्मचारी अनपेक्षितपणे उत्तेजित. कारण: भाषेची अडचण. उपाय: संभाषणाचा पुढचा वर्ग. कर्मचाऱ्याची सही: नाही.

ती अजून मशिनवरच आहे. पॅन्ट चाळीस इंच भरली.