काचेआडचे ड्रम

समस्त पुणेकरांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, आपल्या शहरात सॉफ्टवेअर कंपन्या नुकत्याच फोफावू लागल्या होत्या त्या काळात, एका धडधाकट तरुणास भर सभागृहात काचेच्या खोक्यात बसविण्यात आले होते. तो तरुण मी. गुन्हा : ड्रम वाजवणे.

झालं असं. आमच्या कंपनीत प्रोग्रॅमरांचा एक रॉक बँड होता. वार्षिक समारंभाला बँडच्या मागे अख्खा सिम्फनी ऑर्केस्ट्रा हवा, असं साहेबांच्या डोक्यात आलं. मग कॅम्पातले व्हायोलिनचे एक वयस्कर मास्तर आपला सगळा गोतावळा घेऊन आले. पहिल्याच तालमीत त्यांनी हातातली छडी खाली ठेवली आणि मला विचारलं, "बाळा, तू वाजवतोस की भिंत पाडतोस? माझं एक व्हायोलिन ऐकू येईल तर शपथ!"

दुसऱ्या दिवशी मीटिंगरूमचं काचेचं पार्टिशन उचकटून माझ्याभोवती उभं केलं गेलं. आमच्या गिटारवाल्यानं काचेवर टकटक केली. "अहो, एसटीडी बूथवाले, जरा नागपूर लावून देता का?"

सगळे हसले. मी नाही. कारण कार्यक्रमाला बाबा येणार होते.

पहिल्या पगारातून ड्रम घेऊन सदाशिव पेठेतल्या फ्लॅटवर आलो, तेव्हा बाबांनी शांतपणे आईची जुनी गोधडी आणून ड्रमवर पांघरली. "हं, आता वाजव." तेव्हापासून मी घरी गोधडीच बडवत होतो आणि ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत होते. त्यांना एकदा, फक्त एकदा, खरा आवाज ऐकवायचा होता मला. आईनं किती विनवलं, तेव्हा म्हणाले, "येतो. पण शेवटपर्यंत बसेनच असं नाही." आणि कार्यक्रमाच्या दिवशी सभागृहात मुद्दाम दाराजवळची, कडेची खुर्ची धरली.

कार्यक्रम सुरू झाला. व्हायोलिनं आळोखेपिळोखे देत उठली. माझी पाळी काही येईना. पाय आपोआप नाचत होते, काठ्या घामानं निसटत होत्या, आणि मास्तर चौकातल्या पोलिसासारखा डावा तळवा माझ्याकडे रोखून उभे. मी काचेतून त्या खुर्चीकडे बघतोय. बाबांनी घड्याळ पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. पाय बदलला. परत घड्याळ!

एकदाचा तळवा खाली आला आणि मी तुटून पडलो. काय वाजवलं म्हणता! आत माझेच कान बधिर झाले, काचेवर वाफ धरली. बाहेर मात्र, मागाहून कळलं, समोरच्या इमारतीत कुणी गाद्या झटकतंय इतपतच पोचत होतं.

गाणं संपलं. टाळ्या विरल्या. शेवटच्या गाण्यासाठी मास्तरांनी छडी उचलली, सभागृह चिडीचूप झालं, आणि नेमके तेव्हाच बाबा उठले. काखेत छत्री. गेले, मी मनात म्हटलं. संपलं.

पण ते दाराकडे वळलेच नाहीत. रस्त्यापलीकडची रिक्षा थांबवायला राखून ठेवलेल्या आवाजात ते थेट स्टेजकडे बघून ओरडले,

"अहो मास्तर, ती काच काढा आधी! आमच्या घरी गोधडीखालून याहून जास्त ऐकू येतं!"