मुक्काम न पडलेलं ऑपरेशन

चूक माझी होती, हे आधीच सांगतो. पुंडलिकराव उन्हाळ्यात नाकाशेजारची गाठ दाखवायला पहिल्यांदा आमच्या अकोल्याच्या मेडिकल कॉलेजात आले, तेव्हा मी त्यांना फक्त गाव विचारलं. अकोटच्या पुढचं निघालं. मी ‘ऑपरेशनसाठी भरती’ असं लिहून दिलं आणि पुढचा पेशंट बोलावला. अकोल्याबाहेरचा माणूस म्हणजे अ‍ॅडमिट, ही माझी सवयच होती.

ते आले एकदम दिवाळीनंतर. तुरीच्या दाण्याएवढी गाठ आता चिंचोक्याएवढी झाली होती. बायोप्सीचा, म्हणजे तुकडा काढून केलेल्या तपासणीचा रिपोर्ट त्यांनी उन्हाळ्यातच सोबत आणला होता: बेसल सेल कार्सिनोमा. कातडीचा हा कॅन्सर सावकाश वाढतो, सहसा दुसरीकडे पसरत नाही. पण जागच्या जागी पोखरत जातो, आणि यांचा डोळ्याकडे सरकत होता.

मी चिडलो. “इतके महिने कुठे होता?”

“घरीच. तुमी भरती लिहून देल्लं न.”

“मग?”

“साहेब, आमच्या इकडं सध्या कास्तकार अकोल्यात भरती झाला म्हणलं, का लोक बिमारी नाही इचारत. काय पेला, थे इचारतात. माह्या पोरीची सोयरीक जुळून राहिली. पाहुण्याइले मी काय गाल दाखवत फिरू?”

त्या वर्षांत वॉर्डात विष प्यायलेले कुणी ना कुणी शेतकरी असायचेच. ते मी रोज पाहत होतो. तरी हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

“हे तेव्हाच का नाही सांगितलं?”

“तुमी इचारलं कुठी? गाव इचारलं अन् कागद देल्ला.”

सिस्टर हसू दाबत ट्रे आवरू लागल्या.

मग मी पहिल्या दिवशीच विचारायला हवे होते ते प्रश्न विचारले. शुगर? नाही. रक्त पातळ करायची गोळी? नाही. रात्री रक्त आलं तर? अकोल्यातच बहिणीचं घर होतं. गाठीभोवती चाचपून पाहिलं. गाल सैल होता, कडा जुळणार होत्या.

“जागा बधिर करून काढू. संध्याकाळी बहिणीकडे जा. पण कडा जुळल्या नाहीत, दुसरीकडची कातडी लावावी लागली, तर ठेवून घेईन.”

“मंजूर. पन तसं करू नका.”

कडा जुळल्या. चहा पिऊन, गालावर पट्टी लावून ते रिक्षात बसले.

टाके काढायला आले तोवर रिपोर्ट आला होता. गाठ पूर्ण निघाली होती, कडेला काही उरलं नव्हतं. सोयरीकही पक्की झाली होती. पट्टीबद्दल पाहुण्यांनी विचारलं का, म्हणून मी विचारलं.

“इचारलं. म्हणलं, फोड कापला. त्याइनं लगेच आपआपले फोड सांगतले.”

कुठे राहतो यावरून भरती ठरत नाही. गाठ केवढी, कुठे, आणि घरी कोण, यावरून ठरते. हे मी विद्यार्थ्यांना शिकवत आलो होतो.

ते उठले, तेव्हा मीही उठलो. म्हणालो, “पुंडलिकभाऊ, तेव्हाही भरतीची गरज नव्हती. मी न विचारता लिहून मोकळा झालो. तुमचे महिने गेले, डोळाही गेला असता. माझं चुकलं. मला माफ करा.”